अमेरिकेतल्या डेंटल स्कूलसाठी डॅट: तयारी कशी करायची, परीक्षा कशी द्यायची

डॅट म्हणजे डेंटल ॲडमिशन टेस्ट, अमेरिकेतल्या डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा. सगळ्यात आधी एक घोळ मिटवून टाकू, कारण त्यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. भारतात बीडीएस पूर्ण करून अमेरिकेत प्रॅक्टिस करायची असेल तर तुमची वाट वेगळी आहे: आयएनबीडीई ही परवान्यासाठीची परीक्षा, आणि कॅपिड या सेवेमार्फत ॲडव्हान्स्ड स्टँडिंगच्या, म्हणजे परदेशात शिकून आलेल्या डेंटिस्टना वरच्या वर्षात घेणाऱ्या जागांसाठी अर्ज. डॅट ही परीक्षा अमेरिकेत कॉलेजात शिकत असलेल्या आणि पुढे चार वर्षांच्या डीडीएस किंवा डीएमडीला जायचं असलेल्या मुलामुलींसाठी आहे. डीडीएस आणि डीएमडी यांत शिक्षणाचा फरक नाही, पदवीला कुठल्या विद्यापीठाने कुठलं नाव दिलं एवढंच. कॅनडाची डॅट वेगळी असते, तिथे पूर्वी साबणाची वडी कोरायला लावत. या लेखात फक्त अमेरिकेची.

परीक्षा घेते अमेरिकन डेंटल असोसिएशन, म्हणजे एडीए, आणि ती होते प्रोमेट्रिक या परीक्षा-केंद्रं चालवणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, संगणकावर. चार विभाग आहेत. पहिला नॅचरल सायन्सेस: १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यात ४० जीवशास्त्राचे, ३० जनरल केमिस्ट्रीचे, ३० ऑरगॅनिकचे. दुसरा पर्सेप्च्युअल ॲबिलिटी, ज्याला सगळे पॅट म्हणतात: ९० प्रश्न, ६० मिनिटं. मग ३० मिनिटांची सुट्टी, हवी तर घ्या. तिसरा रीडिंग कॉम्प्रिहेन्शन: तीन उतारे, ५० प्रश्न, ६० मिनिटं. चौथा क्वांटिटेटिव्ह रीझनिंग: ४० प्रश्न, ४५ मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. फिजिक्स नाही, निबंध नाही.

या आकड्यांचा भागाकार करून बघा. विज्ञानात प्रश्नाला ५४ सेकंद, पॅटमध्ये ४०. डॅटचा खरा अभ्यासक्रम हाच आहे. विषय बहुतेकांना येत असतो. अडतं ते असं, की येणारी गोष्ट ४० सेकंदांत करायला हात बसलेला नसतो. खालची सगळी तयारी त्याच अंगाने सांगितली आहे.

कधी द्यायची आणि अर्ज कसा करायचा

डेंटल स्कूलचे अर्ज आडसास या सामाईक सेवेतून जातात (टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस). आडसासचा अर्ज उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडतो आणि निवड जसजसे अर्ज येतील तसतशी होत जाते. म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीच्या मे-जूनपर्यंत डॅट उरकलेली बरी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिली तर अर्ज चालतो, पण तोवर मुलाखतींची बोलावणी सुरू झालेली असतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन्ही सत्रं झाल्यावरची पहिली मोकळी दहा-बारा आठवड्यांची जागा शोधा. ऑरगॅनिक अर्धवट असताना डॅट दिली की गेलेले गुण दुसरीकडून भरून निघत नाहीत.

पायऱ्या अशा. एडीएच्या संकेतस्थळावर डेंटपिन काढा. हा तुमचा कायमचा क्रमांक. डॅटला लागतो तसाच आडसासलाही. मग डॅटचा अर्ज भरून शुल्क भरा. अर्ज मंजूर झाल्याची ईमेल आली की प्रोमेट्रिकवर तारीख आणि केंद्र निवडा. मंजुरी सहा महिन्यांपुरती असते. तारीख पुढे-मागे करता येते, पण परीक्षा जितकी जवळ तितका दंड जास्त. अर्जात डेंटल कॉलेजांची यादी येते, ती तिथेच भरा: त्या वेळी निवडलेल्या कॉलेजांना गुण पाठवण्याचा खर्च शुल्कातच धरलेला असतो, नंतर घातलेल्या प्रत्येक नावाचे वेगळे पैसे.

मराठी घरांतल्या मुलांनी नावाकडे नीट बघावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. कुठल्या कागदावर ते असतं, कुठल्यावर नसतं, आणि काही पासपोर्टांवर तर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात चिकटलेलं असतं. डॅटच्या अर्जातलं नाव आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रातलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. ओळखपत्रं दोन लागतात: एक सरकारी, फोटो आणि सही असलेलं, मुदत न संपलेलं, दुसरं निदान सही असलेलं. नाव जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात आणि पैसेही जातात. डेंटपिन काढतानाच पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन समोर ठेवा आणि त्यात बघून अक्षर न अक्षर टाइप करा.

विज्ञान: १०० प्रश्नांचा एकच गठ्ठा

तीन विषय असले तरी घड्याळ एकच आहे. आधी जीवशास्त्र, ४१ पासून जनरल केमिस्ट्री, ७१ पासून ऑरगॅनिक. प्रत्येक विषयाची वेळ तुम्हीच राखायची. आमची वाटणी अशी: जीवशास्त्राला २५ मिनिटं, जनरल केमिस्ट्रीला ३५, ऑरगॅनिकला २५, आणि शेवटची ५ खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना. म्हणजे घड्याळात ६५ मिनिटं उरलेली दिसली की तुम्ही ४१ व्या प्रश्नावर हवेत, आणि ३० उरली की ७१ व्यावर. हे दोन आकडे पाठच करा. केमिस्ट्रीच्या एका गणितात चार मिनिटं अडकून ऑरगॅनिकचे शेवटचे आठ प्रश्न डोळे मिटून टिचकावणं, हा या विभागातला नेहमीचा अपघात आहे.

जीवशास्त्राचं पात्र रुंद आहे, खोल नाही. पेशी, शरीरसंस्था, आनुवंशिकता, सजीवांचं वर्गीकरण, उत्क्रांती, परिसंस्था, प्राण्यांचं वर्तन, सगळ्यातून थोडं थोडं. वनस्पती आणि बुरशी कंटाळवाण्या म्हणून सोडून देणाऱ्यांचे तिथेच दोन-तीन प्रश्न जातात. कॉलेजचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. प्रकरणाचा सारांश, आकृत्या, मग लगेच प्रश्न. चुकलं तेवढ्यापुरतं पुस्तक उघडा. फ्लॅशकार्डवर एकच गोष्ट लिहा. ‘मूत्रपिंड’ असं कार्ड काही कामाचं नाही. ‘एडीएच (शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक) नेमकं कुठे काम करतं?’ हे कार्ड कामाचं. उत्तर, मूत्रपिंडातल्या कलेक्टिंग डक्टवर, तिथून पाणी परत शोषलं जातं.

जनरल केमिस्ट्रीत एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते: विज्ञानाच्या विभागात कॅल्क्युलेटर नाही. आवर्तसारणी पडद्यावर उघडता येते, पण गुणाकार हातानेच. सवय अशी लावा. ॲसेटिक आम्लाचं ०.१ मोलर द्रावण, आम्लाचा स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. दोन्हींचा गुणाकार १.८ गुणिले १० चा उणे ६ वा घात, त्याचं वर्गमूळ साधारण १.३ गुणिले १० चा उणे ३ रा घात. म्हणजे पीएच ३ पेक्षा किंचित कमी. पर्यायांत १.०, २.९, ४.७ आणि ९.१ असतील तर पुढे एकही आकडा मोजायचा नाही. लॉग २ म्हणजे ०.३० आणि लॉग ३ म्हणजे ०.४८ एवढं पाठ असलं की बहुतेक निभावतं. काही प्रश्नांत अंतिम उत्तर नसतंच, नुसती मांडणी पर्यायांत दिलेली असते. तिथे एकक कशाने कटतं ते बघून पर्याय काढा. घरी सराव करताना फोनवरचा कॅल्क्युलेटर वापरलात तर तो सराव धरू नका.

ऑरगॅनिकमध्ये रिॲक्शनांची लांबलचक यादी घोकण्यापेक्षा चार प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी, निघून जाणारा गट कोणता, आणि जागेची गर्दी किती. तृतीयक हॅलाइड आणि जोरदार, बोजड बेस दिसला की एसएन-२ चा पर्याय लगेच बाद. आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये १७०० च्या आसपास तीक्ष्ण खळगा म्हणजे कार्बोनिल, ३३०० च्या आसपास रुंद खळगा म्हणजे अल्कोहोलचा ओएच. आयआरचं एवढं भांडवल बहुतेक वेळा पुरतं. ॲरोमॅटिसिटी, किरॅलिटी आणि कुठलं आम्ल जास्त तीव्र, यांवर प्रश्न येणार हे धरूनच चाला. यांतले बरेचसे प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात, आणि तोच वेळ केमिस्ट्रीच्या गणितांच्या कामी येतो.

पॅट: डोळ्यांची तालीम

दाताच्या मागची बाजू आरशात उलटी बघत हात चालवायचा, हे या धंद्याचं रोजचं काम. म्हणून पूर्वी या परीक्षेत खडू कोरायला लावत. आता त्या जागी पॅट आहे. सहा प्रकार, प्रत्येकी १५ प्रश्न: कीहोल, टॉप-फ्रंट-एंड, अँगल रँकिंग, होल पंचिंग, क्यूब काउंटिंग आणि पॅटर्न फोल्डिंग. कॉलेजात यातलं काहीच शिकवत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच गडबडतात. ते मनाला लावून घेऊ नका. पॅट वाढतो तो फक्त रोजच्या सरावाने. रोज ४५ मिनिटं, आठ आठवडे, खाडा न करता. शेवटच्या पंधरवड्यात रोज पाच तास बसून काही हाती लागत नाही, डोळे तेवढे थकतात.

क्यूब काउंटिंग सगळ्यात पक्कं करण्यासारखं. घन एकमेकांना चिकटवून रचना केलेली आहे, आणि जमिनीला टेकलेला तळ सोडून उघड्या असलेल्या सगळ्या बाजू रंगवल्या आहेत. तीन बाजू रंगवलेले घन किती, दोन किती, असं विचारतात. एकेका प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा मोजायचं नाही. एका आकृतीवर लागोपाठ दोन-तीन प्रश्न असतात, म्हणून आकृती आली की आधी केंद्रात मिळणाऱ्या लिहायच्या फळीवर ० ते ५ चा तक्ता काढा आणि घनागणिक एकेक रेघ मारत जा.

करून बघा. जमिनीवर तीन बाय तीनचा एक थर, आणि त्यातल्या मधल्या घनावर आणखी एक घन. कोपऱ्यातले चार: वरची बाजू आणि दोन कडा, म्हणजे प्रत्येकी ३. कडेच्या मधले चार: वरची आणि एक कडा, म्हणजे २. मधल्याच्या चारी बाजू झाकलेल्या आणि डोक्यावर घन, म्हणजे ०. वरचा एकटा: माथा आणि चार कडा, ५. तक्त्यात ५ खाली एक रेघ, ३ खाली चार, २ खाली चार, ० खाली एक. एकूण दहा. रेघांची बेरीज घनांच्या संख्येइतकी आली नाही तर काहीतरी सुटलं आहे. सुटतो तो नेहमी लपलेला घन. नियम असा, की न दिसणारा घन फक्त वरच्याला आधार द्यायला लागतो तेवढाच असतो. प्रत्येक उभा गठ्ठा किती उंच आहे हे आधी वरून मोजून घेतलंत की हा घोळ होत नाही.

होल पंचिंगमध्ये चौरस कागद एक ते तीनदा दुमडतात, भोक पाडतात, आणि उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारतात. कागद मूळ चौकोनाच्या कडेबाहेर कधी जात नाही. चार बाय चारचे सोळा चौकोन काढा आणि उलट्या क्रमाने उलगडा: शेवटची घडी आधी. समजा डावीकडचा पहिला उभा स्तंभ दुसऱ्यावर दुमडला, मग खालचा अर्धा भाग वर दुमडला, आणि वरच्या ओळीत दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभात एकेक भोक पाडलं. घाईत लोक म्हणतात, दोन घड्या, म्हणून प्रत्येक भोकाची चार, एकूण आठ. चूक. दुसऱ्या स्तंभात कागदाचे चार पदर होते, तिसऱ्यात दोनच. भोकं सहा: वरच्या ओळीत पहिला, दुसरा, तिसरा स्तंभ, आणि खालच्या ओळीत तेच तीन. भोकाखाली पदर किती हे आधी मोजलंत की अर्धे पर्याय तिथेच गळतात. पहिल्या आठवड्यात खरा कागद आणि पंच घेऊन बसा. पोरखेळ वाटेल, पण डोक्यातली घडी हातातल्या घडीवरूनच बसते.

अँगल रँकिंगमध्ये चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, एवढंच ठरवा. पुष्कळदा त्यावरच एक पर्याय उरतो. लांब भुजा डोळ्याला फसवतात, म्हणून भुजांची टोकं सोडून कोनाच्या टोकाजवळच नजर ठेवा. पडद्याला बोट किंवा फळी लावून मोजायची सवय घरीही लावू नका, केंद्रावर ते चालत नाही. दहा सेकंदांत फरक दिसला नाही तर पुढच्या वीसमध्येही दिसत नाही. ठोका आणि पुढे चला.

कीहोलमध्ये एक वस्तू आणि पाच भोकं. वस्तू कुठल्या भोकातून आरपार जाईल ते सांगायचं. आत शिरण्यापूर्वी ती हवी तशी फिरवता येते, शिरल्यावर वळवता येत नाही. भोक वस्तूच्या एका बाजूच्या बाह्यरेषेइतकंच असतं आणि दोन्हींचं प्रमाण एकच असतं. दंडगोल असेल तर भोक गोल तरी असेल किंवा आयत. पण उंची व्यासाच्या दीडपट असताना पर्यायात चौरस दिला असेल तर तो सापळा आहे. आकार बरोबर आणि माप चुकीचं, या जातीचे पर्याय इथे भरपूर. समोरून, बाजूने आणि वरून अशा तीन सावल्या मनात पाडा आणि एकेक पर्याय बाद करत जा.

टॉप-फ्रंट-एंडमध्ये दोन दृश्यं देतात, तिसरं ओळखायचं. एंड व्ह्यू उजवीकडून बघितलेला असतो. दिसणारी कड अखंड रेघ, लपलेली तुटक. पूर्ण वस्तू डोळ्यांसमोर आणायच्या मागे न लागता रेघा मोजा. समोर उतरणारा तीन पायऱ्यांचा जिना घ्या: वरून बघितलं तर आयतात दोन आडव्या रेघा, समोरूनही दोन, आणि बाजूने पायऱ्यांची नागमोड. मागच्या बाजूला खाच असेल तर समोरच्या दृश्यात ती तुटक रेघ होऊनच येईल. ज्या पर्यायात ती नाही तो बाद. पॅटर्न फोल्डिंगमध्ये सपाट नमुना दुमडल्यावर कुठली वस्तू होईल ते ओळखायचं, तिथेही हीच रीत: सगळ्यांत वेगळी दिसणारी एक बाजू पकडा आणि तिच्या शेजारी कोण कोण आहे ते तपासा.

क्रम तुमच्या हातात आहे, १ पासूनच सुरू करायची सक्ती नाही. आम्ही सुचवतो तो असा: अँगल ५ मिनिटं, होल पंचिंग ७, क्यूब ८, मग पॅटर्न फोल्डिंग १४, टॉप-फ्रंट-एंड १३, शेवटी कीहोल ११. हातात २ मिनिटं उरतात. विभाग उघडला की कीहोलवर उडी मारणारे पहिल्याच पंधरा प्रश्नांत वीस मिनिटं घालवून बसतात. मात्र उड्या मारायच्या तर सरावातही रोज त्याच मारा. नाहीतर परीक्षेत कुठले पंधरा राहिले हेच कळत नाही.

वाचन आणि गणित

रीडिंगचे उतारे विज्ञानाचे असतात आणि उत्तर उताऱ्यातच असतं. एकेकाला २० मिनिटं. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की दोन शब्दांत फळीवर टिपण करा, मग प्रश्न घ्या. ज्यांना विषय चांगला येतो तेच इथे जास्त चुकतात, कारण ते उतारा सोडून स्वतःच्या माहितीवर उत्तर देतात. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर तीन महिने आधीपासून रोज एक लांब विज्ञानलेख वाचा. याला दुसरा उपाय नाही.

गणितात कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो पडद्यावरचा, माउसने एकेक बटण दाबायचा. १५ टक्के किंवा ४८ चे ३/८ काढायला तो उघडलात तर तोंडी दहा सेकंदांत झालं असतं ते काम अर्धं मिनिट खातं. बीजगणित, प्रमाण, वेग-काळ, मिश्रणं, संभाव्यता, आलेख, आणि ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ छापाचे प्रश्न येतात. या शेवटच्या प्रकारात उत्तर काढायचंच नसतं, ते निघेल का एवढं बघायचं. सवयीने पूर्ण गणित सोडवत बसणाऱ्यांचा वेळ इथे जातो. मेट्रिकमध्ये वाढलेल्यांनी एककांचा तक्ता भिंतीवर लावावा: मैल म्हणजे ५२८० फूट, यार्डात ३ फूट, पौंडात १६ औंस, गॅलनमध्ये ४ क्वार्ट, इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

सराव परीक्षा

पहिले सहा-सात आठवडे विषयवार प्रश्न आणि रोजचा पॅट. त्यानंतर दर आठवड्याला एक पूर्ण परीक्षा, सकाळी, घड्याळ लावून, मधली सुट्टी धरून. एडीए स्वतः सराव परीक्षा विकते. त्यातली निदान एक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा, कारण प्रश्नांची खरी भाषा तीच. परीक्षा दिली त्यापेक्षा ती तपासायला जास्त वेळ गेला पाहिजे. वहीत चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: येत नव्हतं, घाई केली, प्रश्न चुकीचा वाचला, की वेळ संपली. ही चार कारणं चार वेगवेगळी औषधं मागतात. ‘येत नव्हतं’ यापुढे पाच खुणा आणि ‘वेळ संपली’ यापुढे वीस असताना पुन्हा पुस्तक उघडून बसणं व्यर्थ. तिथे प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सराव हवा. ठोकताळ्याने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या, ते तुमचे नाहीत.

परीक्षेचा दिवस

अर्धा तास आधी पोचा. केंद्र नवखं असेल तर आदल्या दिवशी तिथवर जाऊन गाडी कुठे लावायची ते बघून या. खिसे उलटे करून दाखवावे लागतात, चष्मा तपासतात, घड्याळ आणि फोन लॉकरमध्ये. लग्नाची किंवा साखरपुड्याची अंगठी सोडून दागिने घरीच ठेवा. आत लिहायला लॅमिनेट केलेली फळी आणि मार्कर मिळतो. मार्करची रेघ कागदावरच्या पेन्सिलीपेक्षा जाड उमटते, म्हणून शेवटचे दोन आठवडे घरी तशीच फळी वापरा. क्यूबचा तक्ता त्यावर आटोपशीर काढणंही एक सवय आहे.

सुरुवातीच्या ट्युटोरियलमध्ये फक्त प्रश्नाला खूण कशी करायची आणि खूण केलेल्यांवर परत कसं जायचं ते बघून घ्या. विभाग संपवला की त्यात परत जाता येत नाही. मधली ३० मिनिटांची सुट्टी घ्याच: पॅटनंतर डोळे शिणलेले असतात आणि पुढे ५० प्रश्नांचं वाचन आहे. काहीतरी खा, पाणी बेताने प्या. बाकी कुठल्याही वेळी उठलात तर घड्याळ चालूच राहतं. फोनला किंवा नोट्सना सुट्टीतही हात लावू नका. तो नियमभंग धरला जातो आणि गुण रद्द होऊ शकतात.

१ मार्च २०२५ पासून गुणांची पट्टी बदलली. आधी १ ते ३० असायची, आता २०० ते ६००, दहा-दहाच्या टप्प्याने. त्यामुळे जुन्या सल्ल्यांतलं ‘वीसच्या वर हवेत’ हे आता तसंच्या तसं लागू होत नाही. ज्या कॉलेजांना अर्ज करणार त्यांच्या नव्या पट्टीतल्या सरासऱ्या बघा. ॲकॅडमिक ॲव्हरेजमध्ये जीवशास्त्र, दोन्ही केमिस्ट्री, वाचन आणि गणित हे पाच विषय धरतात. पॅटचा गुण वेगळा दिसतो, आणि कॉलेजं तो वेगळा बघतात. पुन्हा परीक्षा द्यायची वेळ आली तर आधीचे गुणही कॉलेजांना दिसतात, आणि मध्ये ठरावीक दिवस थांबावंच लागतं. म्हणून सरावाच्या शेवटच्या दोन परीक्षांत तुमच्या लक्ष्यापासून बरेच मागे असाल तर ‘बघू तर खरं’ म्हणून जाऊन बसण्यापेक्षा दंड भरून तारीख पुढे ढकललेली स्वस्त पडते.